बोळा माझा होता, सुधाकर

रेल्वेत मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षं आधी लागलो. हे मी तुला आयुष्यभर ऐकवलं आणि तू आयुष्यभर हसलास. कोळशाची इंजिनं कमी होत चालली तेव्हा आम्हा स्टीमवाल्यांना 'जादा' ठरवून लाइनीपलीकडच्या नव्या डिझेल शेडमध्ये पाठवलं, आणि तिथल्या सीनियॉरिटीच्या यादीत आमची नावं तळाशी टाकली. मी चौतिशीचा, तेरा वर्षं बॉयलरच्या राखेत घालवलेला मिस्त्री. तू पंचविशीचा, ट्रेनिंग घेऊन आलेला, इस्त्रीचा शर्ट घालणारा. आणि यादीत तू माझ्या वर. रांग मोडून पुढे घुसणारा माणूस म्हणून मी तुला तेव्हापासून ओळखतो. आता परत तेच केलंस. ब्याऐंशीचा मी इथे खांदेश्वरला तिसऱ्या मजल्यावर बसलोय आणि त्र्याहत्तरीचा तू गेलास. आज सोळावा दिवस.

माझी मुलगी म्हणाली, "आप्पा, गॅलरीत एकटेच बोलत बसता, समोरच्या बिल्डिंगमधले बघतात. त्यापेक्षा लिहून काढा." म्हणून नातवाची अर्धी कोरी वही घेऊन बसलोय. बघणाऱ्यांची तिला काळजी, मला नाही. पण बोललेलं विरून जातं, आणि हे विरून जायला नको आहे.

तुझ्याबद्दल चांगलं बोलायला माणसं कमी नाहीत. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तुझा फोटो आलाय, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आहे. कुणीतरी 'मनमिळाऊ' असं लिहिलंय. वाचून मला त्या अवस्थेतही हसू आलं. तू मनमिळाऊ कधी होतास? पुसायच्या फडक्यांतलं एक कमी भरलं म्हणून अख्ख्या गँगला पाऊण तास उभं करणारा तू. 'खडूस' म्हणायचे सगळे तुला. तू तसा का झालास हे शेडमध्ये फक्त मला माहीत होतं, आणि मी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर महादेवचं सांगावं लागलं असतं.

महादेव आठवला की मला आधी त्याचा पांढरा शर्ट आठवतो. रेल्वे कॉलनीत तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा. वाफेच्या इंजिनावर फायरमन होता, दिवसभर फावड्याने कोळसा ओढायचा, घरी यायचा तेव्हा त्याचे फक्त डोळे आणि दात दिसायचे. डिझेलवर असिस्टंट ड्रायव्हर म्हणून घेतलं तेव्हा त्याने पहिलं काम काय केलं, तर ड्यूटीसाठी पांढरा शर्ट शिवून घेतला. कमलवहिनी ओरडल्या, की हा धुवायचा कुणी. तर म्हणाला, "आता मळणारच न्हाई. साहेबागत बसून जायचंय." कॉलनीत डिझेल आल्याचा आनंद झालेला तो एकटा माणूस असेल. आम्ही बाकीचे सुतक लागल्यासारखे तोंड करून फिरत होतो.

माझं तोंड तर सगळ्यांत वाईट होतं, हे तूच मला नंतर सांगितलंस. पहिल्या दिवशी मी हातोडी घेऊन आलो आणि इंजिनाच्या बाजूला ठोकून आवाज ऐकायला लागलो. आमच्याकडे तसंच चालायचं. बॉयलर कुठे चिरलाय, बोल्ट कुठे सुटलाय, सगळं कानाला कळायचं. तू मागे येऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "मिस्त्री, ते दार आहे. आत कुणी नाही." सगळे हसले. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही.

पण महिन्याभराने तूच मला एक वही दिलीस. मला इंग्रजी येत नव्हतं आणि ट्रेड टेस्टचं पुस्तक सगळं इंग्रजीत. तू रोज ड्यूटी संपल्यावर बसून ते मराठीत उतरवलं होतंस, चित्रांसकट. इंजिनाच्या ज्या भागात मोठा दांडा फिरतो त्याला तू 'पोट' लिहिलं होतंस, आणि तेल नेणाऱ्या पाइपांना 'शिरा'. वर लिहिलं होतंस, 'मिस्त्रींसाठी, हसू नये.' त्या वहीवर मी पास झालो. नाहीतर मला परत खलाशी, म्हणजे बिगारी मदतनीस करून फलाट झाडायला पाठवलं असतं. याबद्दल मी तुझे आभार मानले होते की नाही, हे मी गेले सोळा दिवस आठवतोय. मानले नसावेत. यादीतला राग तोवर गेला नव्हता.

तुझा पहिला नियम मला तोंडपाठ होता. डिझेल शेडच्या दारात एक लाकडी पेटी ठेवलेली असायची. आत येताना खिशातलं वेस्ट त्या पेटीत टाकायचं. वेस्ट म्हणजे गिरणीतल्या टाकाऊ सुताचा गुंता. स्टीमचा माणूस त्याच्याशिवाय राहू शकत नाही. हात पुसायला वेस्ट, तेल टिपायला वेस्ट, विडी पेटवायलासुद्धा वेस्ट. इथे त्याला बंदी, कारण त्याचे धागे सुटतात. इथे दहा कापडी फडकी मोजून मिळणार आणि संध्याकाळी दहाच्या दहा परत द्यायची. आणि कोणताही पाइप बसवण्याआधी त्याच्या तोंडाला डोळा लावून पलीकडचा उजेड बघायचा. उजेड दिसला तरच बसवायचा. हे तू आम्हाला इतक्यांदा सांगितलंस की आम्ही तुझी नक्कल करायचो.

मी पेटीत वेस्ट टाकायचो. सगळं नाही. एक मूठभर मागच्या खिशात राहायचंच. ते नसलं की हात रिकामा वाटायचा.

तो दिवस तुझ्याइतकाच मलाही पाठ आहे, पण आपण दोघांनी तो सबंध कधी एकमेकांना सांगितला नाही. मोठ्या तपासणीला आलेलं इंजिन होतं. पोटाची दारं उघडली होती. बेअरिंगला तेल नेणारा एक वाकडा पाइप मी सोडवला आणि पाटावर ठेवला. शेजारच्या इंजिनावर घासकाम चाललं होतं, लोखंडाचा कीस उडत होता. मी मागच्या खिशात हात घातला, बोळा केला आणि पाइपाच्या तोंडात कोंबला. घाण जाऊ नये म्हणून. आमच्या उस्तादाने पहिल्याच महिन्यात कानफटात मारून शिकवलेली गोष्ट होती ती. उघडा पाइप दिसला की बोळा. तेरा वर्षांत शेकडो वेळा केलं असेल. त्यातला एखादा आत विसरला तरी काही बिघडायचं नाही, वाफ आली की फुंकून बाहेर टाकायची. मी विचार करून केलं असतं तर केलंच नसतं. हाताने केलं.

तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला. मी डबा खायला गेलो. मी परत आलो तर तू पाइप बसवून टाकला होतास. इंजिन संध्याकाळच्या गाडीला हवं होतं आणि साहेब डोक्यावर उभा होता, म्हणून तू जेवायला गेलाच नव्हतास. मी काही विचारलं नाही. मला बोळा आठवलाच नाही, सुधाकर. देवाशपथ आठवला नाही. आपण दोघांनी मिळून पोटाची दारं लावली, तू सही केलीस, खाली मी केली.

चौथ्या दिवशी दुपारी भरधाव गाडीत ते बेअरिंग तेलावाचून जळालं. पोटातल्या तेलाच्या वाफेने पेट घेतला आणि दारं उडाली. महादेव त्याच वेळी इंजिनरूममधून फेरी मारत होता. दर काही वेळाने आत जाऊन बघून यायचं, ही असिस्टंटची ड्यूटीच होती. त्याने ती केली.

सहा दिवस होता तो दवाखान्यात. मी रोज गेलो. तिसऱ्या दिवशी त्याने मला ओळखलं, आणि म्हणाला, "मिस्त्री, शर्ट गेला बगा." बाहेर बाकावर कमलवहिनी बसल्या होत्या, चोवीस वर्षांच्या, मांडीवर दोन वर्षांचं पोर झोपलेलं.

इंजिन ओढून शेडमध्ये आणलं. चौकशीची माणसं यायची होती, त्याआधी पोट रिकामं करून ठेवायचं काम तुझ्याकडे आलं, आणि तू मला बरोबर घेतलंस. मी पलीकडच्या दाराशी वाकलो होतो. तू तो वाकडा पाइप सोडवलास, डोळ्याला लावलास, आणि तसाच थांबलास. मग करंगळी आत घालून तू काहीतरी ओढून काढलंस. काळं, तेलाने गच्च झालेलं, पण धागे ओळखू येत होते. तू ते बघितलंस. मग माझ्याकडे बघितलंस. मग खिशात घातलंस. जेवणाच्या सुट्टीत तू कँटीनच्या मागे जाऊन शेगडीत ते टाकलंस, तेव्हाही मी पाठीमागे होतो. तुला माहीत होतं मी पाठीमागे आहे. आपण दोघं परत आलो आणि कामाला लागलो.

चौकशीत बेअरिंगचा दोष निघाला. कुणाला शिक्षा झाली नाही. त्या दिवसापासून तू खडूस झालास. प्रत्येक पाइपला आधी डोळा, मग स्वतःच्या तोंडाने फुंकर. ओठ काळे करून फिरायचास. फडकी मोजताना तुझा आवाज चढायचा. आणि मी मागचा खिसा शिवून टाकला, तो आजही माझ्या पँटला नसतो. शिंप्याला वाटतं म्हातारा कंजूष आहे.

आपण त्यावर पहिल्यांदा बोललो ते अकरा वर्षांनी. लाइनीपलीकडे स्टीम शेडच्या अंगणात भंगारवाला गॅसच्या ज्योतीने माझ्या हातची इंजिनं कापत होता आणि तू मला बघायला घेऊन गेला होतास. मी घळाघळा रडत होतो, इंजिनासाठी म्हणून. रडता रडता मी म्हणालो, "बोळा माझा होता." तू म्हणालास, "पाइप माझा होता. तोंडाला डोळा लावायचा, हे मीच सांगायचो ना? मी लावला नाही." मी म्हटलं, "मी कोंबला नसता तर?" तू म्हणालास, "मी बघितला असता तर?" मग आपण तेच तेच बोलत राहिलो. पुढची पस्तीस-चाळीस वर्षं आपण तेच बोलत राहिलो, सुधाकर. शेडमध्ये, रिटायर झाल्यावर गावात, आणि मग इथे.

इथे आणलं पोरांनी. माझी मुलगी आधी आली, मग तुझ्या निखिलला तळोज्याच्या कंपनीत नोकरी लागली आणि माझ्याच ओळखीच्या एजंटने तुम्हाला पलीकडच्या सेक्टरमध्ये फ्लॅट दाखवला. कमलवहिनींचा मुलगा बेलापूरला सरकारी ऑफिसात लागला आणि त्याही आल्या. एका कॉलनीतली तीन घरं पन्नास वर्षांनी पुन्हा दोन-चार स्टेशनांच्या अंतरात आली. लोक याला योगायोग म्हणतील. मला ते पाठलाग केल्यासारखं वाटायचं.

रोज साडेपाचला आपण स्टेशनबाहेरच्या कट्ट्यावर बसायचो. समोरून मालगाडी गेली की तू आवाजावरून डबे सांगायचास आणि मी मुद्दाम एखादा कमी-जास्त सांगून भांडण काढायचो. मग सगळीकडे तारा आल्या, विजेची इंजिनं आली, आणि एक दिवस निखिलने मोबाइलवर दाखवलं की आपल्या शेडमधून डिझेल हद्दपार झालं. मी म्हटलं, "काय रे, आता तुझं नाव यादीत कितवं?" तू हसला नाहीस. किती तरी वेळ समोरच्या तारांकडे बघत बसलास. मला फार वाईट वाटलं, पण मी तसं म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

दर संक्रांतीला मी बेलापूरला कमलवहिनींकडे जायचो. तुला दर वेळी म्हणायचो, चल. तुझा गुडघा दर वेळी त्याच दिवशी दुखायचा. आणि तिथे तुझा विषय निघाला की वहिनी उठून चहा टाकायला जायच्या. मला वाटायचं, तुझी त्यांना आठवण नको असेल, शेडमधलं काहीच नको असेल. मी पाहुणा म्हणून जायचो, तिळगूळ घ्यायचो आणि न सांगता परत यायचो. परत आल्यावर तुला म्हणायचो, मला सांगून टाकायचंय. तू म्हणायचास, "नका सांगू, मिस्त्री. माझं ऐका." का, ते कधी सांगितलं नाहीस.

आता मागच्या महिन्याचं. मला लिहायला नको वाटतंय, पण तेच लिहायला बसलोय. डॉक्टरने माझं हृदय बघून मुलीला बाजूला घेतलं, तेव्हाच मी ठरवलं की आता सांगायचंच. कट्ट्यावर तुला म्हटलं, "सुधाकर, रविवारी बेलापूर. दोघं जाऊ." तू म्हणालास, नाही. मी पुन्हा म्हटलं. तू पुन्हा नाही म्हणालास. आणि मग माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "भित्रा आहेस तू. तो बोळा खिशात घातलास तो मला वाचवायला नाही, स्वतःला वाचवायला. तुझं नाव, तुझी सही, तुझा नियम. महादेव मेला तरी चालेल, तू चुकलेला दिसता कामा नये." भेळवाला बघत होता. दोन बायका थांबल्या. तू माझ्याकडे बघत होतास, रागाने नाही, दमलेल्या माणसासारखा. मग उठलास, आणि माझी कानटोपी कट्ट्यावर पडली होती ती उचलून माझ्या हातात दिलीस. "गार वारा सुटलाय," म्हणालास. आणि गेलास.

अकरा दिवस तू आला नाहीस. मीही कट्ट्यावर गेलो नाही. एकदा सकाळी गॅलरीतून दिसलास, हातात दुधाची पिशवी, रस्ता ओलांडत होतास. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी आत वळलो. बाराव्या दिवशी सकाळी तुझ्या बायकोचा, मंगलचा फोन आला. तिला बोलता येत नव्हतं, निखिलने फोन घेतला. बाथरूममध्ये पडला होतास. दार तोडेपर्यंत सगळं संपलं होतं.

मंगलने मला परवा विचारलं, "तुमचं दोघांचं काय बिनसलं होतं? घरात गप्प असायचे. मी विचारलं तर म्हणाले, मिस्त्री बरोबर आहेत."

तुझं दहावं झालं आणि मी ठरवलं, आता अडवायला तू नाहीस. मुलीला खोटं सांगून एकटाच निघालो. बेलापूरला उतरून रिक्षा केली. रिक्षावाला इथलाच, जुन्या गावातला. "बाबा, सेक्टर सांगा ना नीट, बेलापूर लय मोठा हाय," म्हणाला. मला सेक्टर आठवेना. इतक्या वेळा गेलो असून आठवेना. शेवटी कमलवहिनींच्या मुलाला फोन करून विचारला.

वहिनी घरात एकट्याच होत्या. मला बघून म्हणाल्या, "या भावजी. सुधाकरचं कळलं मला. पोराला पाठवला होता म्या मसणात. दिसला का न्हाई तुमाला?" मला दिसला नव्हता. मला त्या दिवशी कोणीच दिसलं नव्हतं. त्यांनी चहा आणून ठेवला. मी कपाला हात न लावता म्हणालो, "वहिनी, एक सांगायचं राहिलंय. महादेवच्या इंजिनात..."

"बोळा व्हता," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कवाच सांगितलंय त्यानं. क्वार्टर सोडून मी गावात राहायला गेल्ते, तिथं ह्यांच्या वर्षश्राद्धाला आला. अंगणात हुबा राहिला, आत यायना. म्हनला, वहिनी, पाइप मी बसवला, आत सुताचा बोळा व्हता, मी बघितला न्हाई. माझ्या हातात तांब्या व्हता. तसाच फेकून मारला. हितं बसला." त्यांनी स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं.

ती खूण मी पन्नास वर्षं बघितली, सुधाकर. क्रेनचा हुक लागला, असं तू सांगितलं होतंस.

"मग दर साली याच दिशी यायचा," वहिनी म्हणाल्या. "दाराबाहेर हुबा राहायचा. मी दार उघडत नव्हते. घटकाभर थांबायचा आन जायचा. पोरगं इचारायचं, आई, कोन हाय? मी सांगायची, कोन न्हाई. ईस वर्सं. मग एका साली उघडलं. म्हटलं, ये, पानी पी. लई रडला. इथं बेलापूरला बी यायचा की. तुमाला ठावं न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. तुझा गुडघा दुखतो एवढंच मला ठाऊक होतं. मी तुला भित्रा म्हणालो होतो. भर रस्त्यात म्हणालो होतो, आणि तू मला कानटोपी दिली होतीस.

मी विचारलं, "बोळा कुणी घातला, ते नाही विचारलंत त्याला?"

"इचारलं की. म्हनला, माझाच."

तेवढंच एक खोटं बोललास तू. पाइपाचं तू खरं सांगितलंस, कारण ते तुझं होतं. बोळ्याचं खोटं सांगितलंस, कारण ते माझं होतं. मला वाचवायला म्हणून बोललास, हे मला कळतं. पण मग चाळीस वर्षं मी त्या घरात भावजी म्हणून बसलो, चहा प्यायलो, तिळगूळ खाल्ला, आणि त्यातली कितीतरी वर्षं तू बाहेर उभा होतास.

"वहिनी," मी म्हणालो, "तो माझा होता."

त्या म्हणाल्या, "दोस्त गेला म्हनून सोडवायला आलात व्हय त्याला?"

मी नाही म्हटलं. मी सगळं सांगितलं. मागचा खिसा, उस्तादाची सवय, उडणारा कीस, जेवणाचा भोंगा. कँटीनची शेगडी सांगितली. माझा आवाज चढला होता. त्यांचा विश्वास बसायला हवा होता, त्यांनी मला तांब्या फेकून मारावा असं मला वाटत होतं. त्यांनी हात वर केला.

"बास, मिस्त्री," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्या मला मिस्त्री कधी म्हणाल्या नव्हत्या.

"त्याला माफ करायला मला ईस वर्सं लागली," त्या म्हणाल्या. "आता दुसऱ्या कुनाला माफ करायला तेवढी वर्सं न्हाईत माझ्याकडं. चहा घ्या. गार व्हतोय."

मी प्यायलो. नाही कसं म्हणणार? सायीचा थर धरला होता, तसाच प्यायलो. उठलो, पायात चपला घातल्या. दर वेळी त्या दारापर्यंत येतात, संक्रांतीला या म्हणतात, मी जिना उतरेपर्यंत उभ्या राहतात. या वेळी मी पहिल्या पायरीवर होतो आणि मागे कडी लागली.

महादेवची तिथी चैत्रात असते. यंदा मी जाईन. बेल वाजवणार नाही. तू उभा राहायचास तसा दाराबाहेर उभा राहीन, घटकाभर. त्या दार उघडणार नाहीत, हे मला माहीत आहे, आणि वाट बघायला माझ्याकडे वीस वर्षं नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे.